डीसब वापरून बघितलं, आता पुढे? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात डीसबची ओळख करून दिली होती आणि वापरून बघा, काय अडलं ते कळवा असं म्हटलं होतं. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डीसब हे कमांड लाइनवरून चालणारं ओपन सोर्स टूल आहे, गुगल आणि व्हेरिली या आरोग्य-तंत्रज्ञान कंपनीमधल्या लोकांनी बनवलेलं. तुम्ही आपल्या लॅपटॉपवर एक कमांड द्यायची, मग गुगल क्लाउडवर एक व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, उभं राहतं, बकेटमधून (क्लाउडवरच्या तुमच्या फाइलच्या साठ्यातून) तुमच्या फाइल उतरवून घेतं, डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे लागणारं सॉफ्टवेअर भरलेल्या 'इमेज'मधून उभ्या राहणाऱ्या बंद डब्यात, तुमची स्क्रिप्ट चालवतं, निकाल परत बकेटमध्ये ठेवतं आणि बंद होतं. एका फाइलसाठी जे, तेच पाचशे फाइलसाठी.

पत्रं बरीच आली आणि मनापासून लिहिलेली आली. वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, "चालत नाही" अशी तक्रार करणारे थोडे आहेत, "चाललं की नाही तेच कळत नाही" म्हणणारे कितीतरी जास्त. माझ्या मते बॅच टूलची खरी परीक्षा तिथेच असते, कारण काम रात्री चालतं आणि आपण बघायला सकाळी येतो. म्हणून या वेळी त्याच अंगाने जाणारे प्रश्न निवडलेत.

प्रश्न: आमच्या संस्थेच्या क्लस्टरवर स्लर्म (जॉब वाटून देणारं सॉफ्टवेअर) आहे, तिथे माझी स्क्रिप्ट व्यवस्थित चालते. तीच डीसबने पाठवली तर "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" येतं. फाइल तर माझ्या होम फोल्डरमध्ये आहेच की! (संशोधक विद्यार्थिनी, पुणे)

फाइल तुमच्या होम फोल्डरमध्ये आहे, पण तो होम फोल्डर त्या व्हीएमला माहीतच नाहीये. क्लस्टरवर सगळ्या नोडना एकच सामायिक डिस्क जोडलेली असते त्यामुळे कुठल्याही नोडवर जॉब गेला तरी तोच पाथ सापडतो, आणि याची आपल्याला इतकी सवय झालेली असते की स्क्रिप्टमध्ये पाथ लिहिताना विचारही करत नाही. क्लाउडवर प्रत्येक टास्कचं, म्हणजे जॉबमधल्या एकेका सुट्या कामाचं, व्हीएम नवंकोरं असतं. तिथे काय हवं ते तुम्ही 'इनपुट' फ्लॅगने सांगायचं आणि काय परत आणायचं ते 'आउटपुट' फ्लॅगने. सांगितलं नाही तर तिथे काहीच नाही.

तुमच्या स्क्रिप्टमध्ये मला वाटतं एकच बदल पुरेल. पाथ जिथे जिथे हाताने लिहिलेत तिथे व्हेरिएबल घाला. 'इनपुट'ला जे नाव द्याल त्या नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल डीसब तयार करतं आणि त्यात व्हीएमवरचा पाथ भरतं, तो /एमएनटी/डेटा खाली कुठेतरी असतो पण कुठे ते तुम्हाला लक्षात ठेवायची गरज नाही. एकदा असं केलं की हीच स्क्रिप्ट क्लस्टरवरही चालेल, तिथे व्हेरिएबल तुम्ही स्वतः भरायचं एवढंच.

मानवी जीनोमची रेफरन्स फाइल वापरता असं लिहिलंय. ती ३ जीबीच्या आसपास असते आणि प्रत्येक टास्क ती नव्याने उतरवणार. दहा टास्क असतील तर सोडून द्या, शेकडो असतील तर 'माउंट' फ्लॅग बघा, त्याने बकेट किंवा आधी तयार केलेली डिस्क इमेज थेट जोडता येते.

प्रश्न: जॉब पाठवला, जॉब आयडी मिळाला, थोड्या वेळाने डीस्टॅट (जॉबची स्थिती दाखवणारी डीसबची कमांड) चालवलं तर स्क्रीन रिकामी. पुन्हा पाठवला, पुन्हा तेच. आता किती जॉब चालू आहेत देव जाणे. (नाशिक)

घाबरू नका. डीस्टॅट मुळात फक्त चालू असलेले जॉब दाखवतं. तुमचा जॉब संपला होता, नीट संपला की फेल होऊन संपला ते वेगळं. 'स्टेटस'मध्ये तारा, म्हणजे * हे चिन्ह, अवतरणात घालून द्या, सगळे दिसतील. सोबत 'फुल' फ्लॅग दिलात तर कुठल्या टप्प्यावर काय झालं तेही कळेल. खरंच काही चालू राहिलं असेल तर डीडेल ही जॉब थांबवणारी कमांड वापरून बंद करा.

हे वागणं मला स्वतःला पटत नाही. नवीन माणसाला रिकामी स्क्रीन म्हणजे "काहीच झालं नाही" असंच वाटणार, आणि तो पुन्हा जॉब पाठवणार, तुम्ही पाठवलात तसा. निदान "चालू जॉब नाहीत, संपलेले बघायचे असतील तर हे करा" अशी एक ओळ यायला हवी. पुढे फीडबॅकबद्दल लिहिलंय, तिथे कळवण्यासारखी ही पहिली गोष्ट आहे.

प्रश्न: आमच्या वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पानं आहेत. टेसरॅक्टने (चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने) मराठी मजकूर काढायचा म्हणून डीसब घेतलं. सगळे टास्क "सक्सेस" दाखवतात, बकेटमध्ये टेक्स्ट फाइलही आल्यात, पण उघडली की प्रत्येक फाइल रिकामी. डॉकर इमेजमध्ये गडबड आहे का? (सातारा जिल्हा)

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटला म्हणून जरा सविस्तर लिहितो, आणि तुम्ही स्क्रिप्ट आणि लॉग दोन्ही पाठवलेत त्याबद्दल खरंच आभार, त्याशिवाय हे सापडलं नसतं.

तुमच्या स्क्रिप्टमध्ये दोन ओळी आहेत. पहिल्या ओळीत टेसरॅक्ट पान वाचतं आणि मजकूर 'ग्रेटर दॅन' चिन्हाने आउटपुट फाइलमध्ये जातो. दुसऱ्या ओळीत एको कमांडने "झालं" असं छापलंय. आता एररच्या लॉगमध्ये बघा, म्हणजे नावाच्या शेवटी एसटीडीईआरआर असलेली फाइल. त्यात स्पष्ट लिहिलंय की मराठीची ट्रेन्ड डेटा फाइल उघडता आली नाही आणि कुठलीच भाषा लोड झाली नाही. म्हणजे तुमच्या डॉकर इमेजमध्ये टेसरॅक्ट आहे पण मराठीचं पॅकेज नाहीये. डेबियन आणि उबुंटूमध्ये ते वेगळं घालावं लागतं, टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर या नावाने.

इथपर्यंत साधं आहे. पण मग टास्क सक्सेस कसा झाला? टेसरॅक्ट सुरू व्हायच्या आधीच शेलने, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅशने, आउटपुट फाइल तयार करून ठेवलेली असते, शून्य बाइटची. टेसरॅक्ट फेल झालं. बॅशला त्याचं काही वाटत नाही, ते पुढच्या ओळीवर जातं. एको कधी फेल होत नाही. स्क्रिप्टचा एक्झिट कोड (संपताना ती परत देते तो आकडा) म्हणजे शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड, म्हणजे शून्य, म्हणजे यश. डीसबला आउटपुट फाइल हवी होती, ती आहे, रिकामी का असेना, त्याने ती बकेटमध्ये नेऊन ठेवली. प्रत्येकाने आपापलं काम बरोबर केलं आणि तुमच्या हातात रिकामी फाइल आली.

यावर उपाय स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच आहे. सेट कमांडने एररएक्झिट, नोअनसेट आणि पाइपफेल हे तीन पर्याय चालू करा. पहिल्याने कुठलीही कमांड फेल झाली की स्क्रिप्ट तिथेच थांबते, दुसऱ्याने व्हेरिएबलचं नाव चुकलं तर लगेच कळतं, तिसऱ्याने पाइपच्या मधल्या कमांडचं अपयश लपत नाही. आणि शेवटी फाइलचा आकार शून्यापेक्षा जास्त आहे का हे टेस्ट कमांडने बघा, नसेल तर एक्झिट १. मात्र जुन्या अंकांमध्ये कोरी पानं असतातच, तिथे टेसरॅक्टकडून काहीच मजकूर न येणं बरोबर आहे, त्यामुळे ही शेवटची तपासणी पानावर न लावता पूर्ण अंकावर लावलेली बरी.

अजून एक सांगायलाच हवं. तुम्ही 'स्किप' फ्लॅग वापरलाय, म्हणजे आउटपुट आधीच असेल तर तो टास्क पुन्हा करू नको. फ्लॅग चांगला आहे, अर्धवट राहिलेलं काम पुढे न्यायला हाच लागतो, पण तो फाइल आहे की नाही एवढंच बघतो, आत काय आहे ते बघत नाही. आता इमेज दुरुस्त करून तुम्ही तीच कमांड पुन्हा दिलीत तर डीसब म्हणणार सगळं झालेलं आहे, आणि एकही पान वाचलं जाणार नाही. आधी बकेटमधल्या त्या रिकाम्या फाइल उडवा, मग चालवा.

आणि एका पानाला एक टास्क करू नका हो. व्हीएम उभं राहायला, डॉकर इमेज उतरायला मिनिटं जातात आणि टेसरॅक्टला एक पान वाचायला सेकंदं लागतात, शिवाय गुगल प्रत्येक व्हीएमचे निदान १ मिनिटाचे पैसे घेतं. एका अंकाला एक टास्क ठेवा, 'इनपुट रिकर्सिव्ह'ने पूर्ण फोल्डर द्या आणि स्क्रिप्टमध्ये लूप चालवा. एका व्हीएमवर एकाच वेळी अनेक पानं चालवणार असाल तर ओएमपी थ्रेड लिमिट १ करा, नाहीतर टेसरॅक्टचे थ्रेड एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि उलट वेळ वाढतो.

तुमचं काम फार मोलाचं आहे. ते अंक एकदा शोधता येतील असे झाले की किती लोकांना उपयोग होईल! झालं की नक्की कळवा.

प्रश्न: आमच्याकडे रात्री लाइट जाते, राउटर बंद पडतो. लॅपटॉप बंद झाला तर क्लाउडवरचं काम थांबतं का? आणि प्रीएम्प्टिबल मशीन स्वस्त म्हणतात ते घ्यावं का? (अकोला)

दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेत.

काम थांबत नाही. जॉब एकदा गेला की तो तिकडचा झाला, तुमचा लॅपटॉप बंद असो नाहीतर चालू. 'वेट' फ्लॅग देऊन डीसब थांबून राहिलं असेल आणि तुम्ही कंट्रोल-सी दाबलंत तरी जॉब चालूच राहतो, तो थांबवायला डीडेलच लागतं.

पण डीसबचा स्वतःचा कुठला सर्व्हर नाहीये. फेल झालेला टास्क पुन्हा पाठवण्याचं काम, म्हणजे 'रिट्राइज', तुमच्या लॅपटॉपवर वाट बघत बसलेलं डीसबच करतं, म्हणून तर 'रिट्राइज'सोबत 'वेट' द्यावंच लागतं. लाइट गेली, लॅपटॉप बंद पडला, की चालू टास्क पूर्ण होतील पण जे फेल होतील ते तसेच पडून राहतील. पहिल्यांदा वापरणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की क्लाउडवर आहे म्हणजे सगळंच क्लाउडवर आहे, तसं नाहीये.

आणि प्रीएम्प्टिबलमध्ये फेल होणं हे ठरलेलंच आहे. गुगलला ते मशीन दुसऱ्या कोणासाठी लागलं की साधारण ३० सेकंदांची सूचना देऊन काढून घेतात. जुन्या प्रकारच्या प्रीएम्प्टिबलला २४ तासांची मर्यादा होती, नंतर आलेल्या स्पॉट व्हीएमला ती नाही, पण काढून घेणं दोन्हीकडे आहे. सवलत मात्र मोठी, ६० टक्क्यांपासून पुढे. म्हणून अर्ध्यापाऊण तासात संपणारे टास्क असतील तर जरूर घ्या, दहा तासांचा एकच टास्क असेल आणि मधली स्थिती तुम्ही कुठे जपून ठेवत नसाल तर घेऊ नका, नवव्या तासाला गेलं की पुन्हा पहिल्यापासून.

मी असं सुचवेन: 'प्रीएम्प्टिबल' ३ आणि 'रिट्राइज' ४ ठेवा. पहिले तीन प्रयत्न स्वस्त मशीनवर होतील, तरीही जमलं नाही तर पुढचे पूर्ण दराच्या मशीनवर. आणि डीसब लॅपटॉपवरून चालवू नका, क्लाउडवर सगळ्यात लहान व्हीएम घ्या, त्यावर टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी कमांड चालू ठेवणारं टूल) उघडून तिथून द्या. लाइट गेली तरी चिंता नाही.

टास्क मशीन काढून घेतल्यामुळे गेला की तुमच्या स्क्रिप्टमुळे, हे ओळखायला एक्झिट कोड बघा. गुगल बॅचमध्ये, म्हणजे डीसब ज्या गुगल सेवेकडे काम पाठवतं तिच्यात, ५०००१ म्हणजे मशीन काढून घेतलं. १३७ दिसला तर बहुतेक वेळा मेमरी संपलेली असते, तिथे कितीही रिट्राय करा उपयोग नाही, 'मिन रॅम' वाढवा. १२७ म्हणजे कमांडच सापडली नाही, इमेजमध्ये ते सॉफ्टवेअर नाहीये.

प्रश्न: टास्क्सची टीएसव्ही (टॅबने कॉलम वेगळे केलेली) फाइल एक्सेलमध्ये केली. पहिले काही टास्क फेल, "फाइल नॉट फाउंड". बाकीचे नीट. बकेटमध्ये फाइल दिसतायत. (नवी मुंबई)

तुमच्या सॅम्पलची नावं ००१, ००२ अशी आहेत ना? एक्सेलने पुढची शून्यं खाल्ली. टीएसव्ही नोटपॅड++ किंवा व्हीएस कोडसारख्या साध्या एडिटरमध्ये उघडून बघा, १ आणि २ दिसतील. १०० पासून पुढच्या नावांना काही झालं नाही म्हणून बाकीचे नीट चालले. एक्सेलची ही खोड जुनी आहे, जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकायचं म्हणून २०२० मध्ये तर नावं ठरवणाऱ्या समितीने काही मानवी जनुकांची नावंच बदलली. कॉलम आधी टेक्स्ट करा, किंवा खरं सांगू का, ही फाइल छोट्या स्क्रिप्टनेच बनवा. आणि पाठवताना आधी सगळी फाइल देऊ नका, टास्क्सच्या फाइलच्या नावापुढे १-३ असं लिहिलं की पहिल्या तीनच ओळी जातात, ते बघून मग बाकीचं.

प्रश्न: बिल अंदाजापेक्षा बरंच जास्त आलं. बजेट अलर्ट लावला होता तरी काम थांबलं नाही. (कोल्हापूर)

बजेट अलर्ट काहीही थांबवत नाही, फक्त ईमेल पाठवतो, आणि खर्चाचा आकडा तिथे पोचायलाही वेळ लागतो. हे नाव ऐकून गैरसमज होणं साहजिक आहे पण तसं आहे खरं.

तुमच्या कमांडमध्ये दोन गोष्टी दिसल्या. रीजन यूएस-सेंट्रल१ आहे, डॉक्युमेंटेशनमधल्या उदाहरणातून आलेलं, म्हणजे मशीन आयोवात. तुमचं बकेट मुंबईत, एशिया-साउथ१. प्रत्येक फाइल अर्धं जग ओलांडून जाते आणि निकाल तसाच परत येतो, त्याचे पैसे लागतात आणि वेळही. बकेट जिथे तिथेच मशीन ठेवा, एकाच रीजनमध्ये ही ने-आण फुकट असते. दुसरं, 'डिस्क साइझ' दिलेला नाही, त्यामुळे प्रत्येक टास्कला २०० जीबीची डिस्क मिळाली. तुमच्या फाइल ५ जीबीसुद्धा नाहीत. याचा बिलावर परिणाम होतोच, शिवाय शंभर टास्क एकदम गेले की २०,००० जीबी मागितले जातात, नवीन प्रोजेक्टचा कोटा तेवढा नसतो आणि मग टास्क नुसते ताटकळत राहतात. तुम्ही लिहिलंय "अर्धे टास्क तासभर पेंडिंग होते", त्याचं कारण मला हेच वाटतं. कोटाचं पान उघडून खात्री करा.

प्रश्न: जुन्या ट्यूटोरियलप्रमाणे सगळं केलं तरी प्रोव्हायडरपाशीच एरर येते. (बंगळुरूहून एक मराठी वाचक)

प्रोव्हायडर म्हणजे डीसब ज्या सेवेवर काम चालवतं ती, आणि त्या ट्यूटोरियलमधला प्रोव्हायडर क्लाउड लाइफ सायन्सेसचा आहे. ती सेवा गुगलने ८ जुलै २०२५ नंतर बंद केली. त्या जागी गुगल-बॅच लिहा आणि डीसब पिपने अपडेट करा. बहुतेक स्क्रिप्ट न बदलता चालतात, कारण स्क्रिप्टला फक्त फाइल आणि व्हेरिएबल दिसतात, मागे कुठली सेवा आहे ते दिसत नाही. डीसबची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

प्रश्न: मला काही सुधारणा सुचवायच्या आहेत. डेव्हलपर लोक आमचं ऐकतात का? कसं लिहायचं? इंग्रजी फार चांगलं नाही. (लातूर)

जरूर लिहा, गिटहबवर इश्यू उघडून. नवीन माणसाला जे खुपतं ते रोज वापरणाऱ्याला दिसेनासं होतं, त्यामुळे पहिल्या काही दिवसांतलं तुमचं म्हणणं खरंच कामाचं असतं. इंग्रजीची काळजी सोडा, तिथे भाषेपेक्षा चार गोष्टी लागतात: डीसबचं व्हर्जन, तुम्ही दिलेली पूर्ण कमांड जशीच्या तशी, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, आणि डीस्टॅटचं 'फुल' आउटपुट लॉगसह. स्क्रीनचा फोटो टाकू नका, मजकूर कॉपी करून टाका, म्हणजे शोधता येतो. प्रोजेक्टचं नाव, बकेटचं नाव, ईमेल, आणि पेशंटचा डेटा असेल तर सॅम्पलची नावंसुद्धा, हे सगळं आधी काढा.

लिहिण्याआधी एकदा प्रोव्हायडर 'लोकल' देऊन बघा. तेव्हा डीसब तुमच्याच मशीनवरच्या डॉकरमध्ये तेच काम चालवतं, पैसा लागत नाही आणि मिनिटाभरात कळतं. लोकलवरही तीच एरर आली तर दोष बहुतेक स्क्रिप्टमध्ये किंवा इमेजमध्ये आहे. लोकलवर नीट आणि क्लाउडवर बिघडतं असं झालं तर तेवढंच वाक्य इश्यूच्या पहिल्या ओळीत लिहा, वाचणाऱ्याचा अर्धा वेळ वाचतो. लॉगमधल्या वेळा यूटीसीमध्ये असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, त्यामुळे रात्री दोनला दिलेल्या जॉबवर आदल्या दिवशीची तारीख दिसेल. इश्यूमध्ये वेळ लिहिताना यूटीसी की भारतीय ते नमूद करा.

नाशिकच्या वाचकांनी डीस्टॅटच्या रिकाम्या स्क्रीनबद्दल जे लिहिलंय तसंच तुम्हालाही झालं असेल तर आधी कोणी तो इश्यू टाकलाय का ते शोधा. असेल तर नवीन उघडू नका, त्याखालीच तुमची कमांड आणि व्हर्जन जोडा.